रक्तातील शिसे : नोंद कोणाची झाली, कोणाची राहिली

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या शेवटी रोगांची एक यादी जोडलेली आहे. त्या तिसऱ्या अनुसूचीतला पहिलाच रोग म्हणजे शिशाची विषबाधा. कलम 89 नुसार, कामगाराला यादीतील रोग जडला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने सरकारी यंत्रणेस सूचना द्यावी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांकडे विनाविलंब लेखी अहवाल पाठवावा, असे बंधन घालण्यात आले. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही हा रोग कायम राहिला.

या तरतुदीचे मूळ ब्रिटिश कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये 1895 साली शिशाच्या विषबाधेची नोंद सक्तीची झाली आणि 1898 मध्ये टॉमस लेग हे तेथील पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक नेमले गेले. सफेदा बनविणारे, मातीच्या भांड्यांना झिलई देणारे, शिसे वितळविणारे अशा कोणत्या धंद्यात किती माणसे आजारी पडतात, हे या अहवालांतून प्रथमच दिसू लागले. 1900 साली हजाराहून अधिक रुग्णांची नोंद झाली. कोठे धूळ शोषून घेणारी यंत्रे बसवावीत, कोठे कामाची पद्धत बदलावी, हे ठरविण्यास आधार मिळाला आणि दहा वर्षांत हा आकडा निम्म्याच्या आसपास आला.

मात्र या पद्धतीला एक मर्यादा होती. तिच्यात नोंद होई ती रोगाची. पोटात असह्य कळा येणे, मनगट लुळे पडणे, हिरड्यांवर निळसर रेघ उमटणे अशी लक्षणे दिसल्यावरच डॉक्टरची लेखणी उचलली जाई. लहान मुलांच्या बाबतीत ही वाट बंदच असते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागविते. त्यामुळे ते हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूपर्यंत पोहोचते. मूल खेळते, जेवते, शाळेत जाते. बाहेरून काहीही दिसत नाही. रक्ताच्या तपासणीतला आकडा हीच त्याची एकमेव खूण ठरते.

भारतात असे आकडे प्रथम मोठ्या प्रमाणावर समोर आले ते 1990 च्या दशकाच्या अखेरीस. बंगळूरूच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत केलेल्या पाहणीत, 12 वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. त्याच सुमारास, 1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले गेले. त्यातील 1,081 मुलांच्या नोंदींचे पुढे विश्लेषण झाले, तेव्हा 76 टक्के मुलांचे प्रमाण 5 ते 20 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान निघाले.

1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याने मुलांच्या रक्तातले शिसे वर्षागणिक किती घटले, हे मात्र भारताला नेमके सांगता येत नाही, कारण अखंड मोजणी नव्हती. पुढील फेऱ्यांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने रक्ताचे नमुने इतर तपासण्यांसाठी घेतले. शिसे त्यांत राहिले नाही.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. 1976 ते 1980 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पेट्रोलमधील शिसे जसजसे कमी झाले, तसतसे लोकांच्या रक्तातील शिसेही कमी होत गेल्याचे दिसले आणि त्या पुराव्याने पुढचे निर्बंध अधिक कडक झाले. 1995 मध्ये रक्तातील वाढलेले शिसे तेथे राष्ट्रीय पातळीवर नोंदणीयोग्य ठरले. संसर्गजन्य नसलेली ही पहिलीच बाब होती. तेथील बहुतेक राज्यांत आता लक्षणांची वाट न पाहता प्रयोगशाळाच आपला निष्कर्ष आरोग्य खात्याला कळविते.

भारतात अशी पद्धत अपरिचित नाही. क्षयरोगाची नोंद 2012 पासून खासगी डॉक्टर व प्रयोगशाळांनाही बंधनकारक आहे. परंतु एखाद्या मुलाच्या रक्तात शिसे आढळले, तर कारखाना कायद्यासारखे राष्ट्रीय बंधन त्याला लागू होत नाही. अहवाल पालकांच्या हाती पडतो आणि बहुधा तेथेच थांबतो. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या विनानोंदणी भट्ट्यांतील मजूरही कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात. नोंद झाली तर काम जाईल, ही त्यांची भीतीही खोटी नाही. म्हणून नोंदीबरोबर संरक्षणाचीही तरतूद लागते.

2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने भारतातील सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की रक्तातील शिसे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याचा स्रोत शोधून तो दूर करावा. अंदाजातून देशव्यापी प्रश्नाचा आवाका कळतो. पण स्रोत एखाद्या घरात, गल्लीत किंवा भट्टीत असतो. भिंतीचा जुना रंग, भेसळीची हळद की शेजारची भट्टी, याचा शोध त्या मुलाच्या पत्त्यावरूनच सुरू होऊ शकतो, आणि तो पत्ता आज सार्वजनिक आरोग्य यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही.