‘काढून टाकलं’ म्हणजे नेमकं काय? क्रॉफर्ड प्रकरण वाचताना

जुन्या प्रशासनावर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक वाक्य सारखं भेटेल: ‘अमुक अधिकाऱ्याला काढून टाकलं.’ तिथे थोडं थांबा.

जपानी भाषेत ‘हिमेन’ असा एक औपचारिक शब्द आहे. जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेत पंतप्रधानाने मंत्र्याला पदावरून दूर करणं, किंवा महाभियोगातून न्यायाधीश हटवणं, दोन्हींसाठी तोच येतो. इथे राजीनाम्याचा आडपडदा नाही. निर्णय दुसऱ्याचा असतो. आपला ‘बडतर्फ’ही तसाच, फारसीतून आलेला, मूळ अर्थ ‘बाजूला केलेला’. पण आपल्या सेवानियमांत ‘बडतर्फ’ आणि ‘सेवेतून काढणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. बडतर्फ झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचं दार सहसा बंद होतं. दुसरीत तसं नसतं.

आता आपल्या भागातलं उदाहरण घ्या. देवळाली कॅम्प ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, तो जिल्हा तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या मध्य विभागात होता. त्या विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचं. बढती-बदलीसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १८८८ मध्ये त्याला निलंबित केलं आणि पुण्यात चौकशी आयोग बसला. साक्षीला या, तुम्हाला संरक्षण देऊ, असं आश्वासन सरकारने मामलेदारांना दिलं होतं.

निकाल काय लागला? लाचखोरी सिद्ध झाली नाही. हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याचा ठपका मात्र राहिला आणि क्रॉफर्डची नोकरी गेली. म्हणजे ‘लाच घेतली म्हणून काढलं’ असं लिहिलंत तर ते चूक ठरेल.

खरी गोष्ट पुढे आहे. पैसे दिल्याची कबुली देणारे मामलेदारच अडचणीत आले. पद विकत घेणारा त्या पदावर राहू कसा शकतो, हा प्रश्न थेट लंडनपर्यंत गेला. १८८९ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला, तरी काहींना पद सोडावंच लागलं. दिलेला शब्द पाळा, असं टिळकांनी पुण्याच्या जाहीर सभेत सरकारला सुनावलं.

तेव्हा असं प्रकरण हाताशी आलं की चार गोष्टी शोधा: आदेशात नेमका शब्द कोणता, काढण्याचा अधिकार कोणाचा, सिद्ध काय झालं, आणि खरं बोलणाऱ्यांचं पुढे काय झालं. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.