तारा तीन, मीटर दोन! थ्री फेज वीज नेमकी मोजतात कशी?

पिठाच्या गिरणीवर ५ हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर चालू आहे. वायरमनने एका तारेला टोंग टेस्टर लावला, करंट आला ७.५ अँपिअर. दोन तारांमधलं व्होल्टेज ४१५. मग मोटर वीज किती घेते?

शाळेतलं सूत्र आठवून व्होल्ट गुणिले अँपिअर केलं, तर येतात साधारण ३,१०० वॅट. तारा तीन आहेत म्हणून तिपटीने मोजलं, तर ९,३०० वॅट. दोन्ही उत्तरं चूक. अशी मोटर प्रत्यक्षात सुमारे ४,३०० वॅट घेते.

पहिली गफलत होते व्होल्टेजमध्ये. ४१५ हा आकडा दोन फेजमधला आहे. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मिळतात २४० व्होल्ट. तिन्ही फेजच्या लाटा एकमेकींच्या मागे १२० अंशांनी धावतात, त्यामुळे दोन फेजमधला फरक दुप्पट न होता १.७३२ पट, म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतका होतो. २४० गुणिले ७.५ गुणिले ३ केलं की येतात ५,४००.

तरीही हजारभर जास्तच. याचं कारण पॉवर फॅक्टर. मोटरला चुंबकीय क्षेत्र तयार करायला काही करंट लागतो. ही ऊर्जा ती घेते आणि लगेच परत करते. दळण दळायला तिचा उपयोग शून्य, पण तारेतून करंट मात्र वाहतो आणि टोंग टेस्टर तो इमानदारीत दाखवतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला की ५,४०० चे ४,३०० होतात.

म्हणजे नुसता करंट मोजून भागत नाही. व्होल्टेज आणि करंट यांचा क्षणाक्षणाचा गुणाकार लागतो आणि ते काम वॉटमीटर करतो. प्रत्येक फेजला एक, असे तीन वॉटमीटर लावून बेरीज केली की झालं.

पण इथेच एक गंमत आहे. आंद्रे ब्लोंडेल या फ्रेंच अभियंत्याने १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मांडलेला नियम सांगतो की जितक्या तारा, त्यापेक्षा एक वॉटमीटर कमी पुरतो. गिरणीच्या मोटरला तीनच तारा जातात, न्यूट्रल नाही. दोन तारांतून आत गेलेला करंट तिसरीतूनच बाहेर येणार. मग तिसरीचा हिशोब वेगळा ठेवायची गरजच काय? तिला आधार धरून बाकीच्या दोघींचं व्होल्टेज मोजायचं, बस्स.

आपल्या मोटरवर हे केलं तर एक वॉटमीटर दाखवतो सुमारे ३,०९० आणि दुसरा १,२२०. लोड तिन्ही फेजवर समान असूनही! बेरीज मात्र बरोबर ४,३१०. पट्टा काढून मोटर रिकामी फिरवली तर पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली जातो आणि दुसऱ्या वॉटमीटरचा काटा उलटा जातो. डिप्लोमाच्या लॅबमध्ये इथे हमखास गोंधळ उडतो. वॉटमीटर बिघडलेला नसतो. त्याच्या करंट कॉइलची टोकं अदलाबदल करून रीडिंग घ्यायचं आणि ते वजा करायचं.

न्यूट्रल आला की हा शॉर्टकट बंद. सोसायटीत कुणाचा फ्लॅट आर फेजवर, कुणाचा बी फेजवर. बी फेजला आधार धरून दोनच वॉटमीटर लावले, तर बी फेज आणि न्यूट्रलवर चालणारे फ्लॅट मोजणीतून पूर्ण सुटतील. त्यामुळे चार तारांच्या थ्री फेज मीटरमध्ये आत तीन मोजणी यंत्रणा असतात.

मोठ्या कनेक्शनला एवढा करंट थेट मीटरमधून नेता येत नाही. तिथे प्रत्येक फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी बसवतात. खरी भानगड इथे होते. समान लोडवर एका सीटीची वायर तुटली तर बेरीज करणारा मीटर दोन तृतीयांशच वीज मोजतो. एक सीटी उलटी बसली तर एक तृतीयांश, कारण तिची वीज मिळवली जाण्याऐवजी वजा होते. आणि दोन फेजच्या सीटींची अदलाबदल झाली तर? तिन्ही आकड्यांची बेरीज चक्क शून्य. कारखाना जोरात सुरू आणि युनिट जागच्या जागी! त्यामुळे आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर उलट्या करंटची किंवा गायब फेजची नोंद तारीख-वेळेसह ठेवतात.

पॉवर फॅक्टरचा फटका थेट खिशालाही बसतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आकारलं जातं, म्हणजे परत केलेल्या त्या करंटचाही हिशोब धरून. ०.८ पॉवर फॅक्टरवर १ युनिट कामासाठी १.२५ युनिट लागतात. म्हणूनच कारखान्यांत कपॅसिटर बसवतात. आपल्याच मोटरला कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर ०.९८ केला, तर मीटरकडून येणाऱ्या तारेतला करंट ७.५ वरून ६.१ अँपिअरवर येतो. कपॅसिटरच्या पुढे, मोटरकडे जाणाऱ्या तारेत मात्र टोंग टेस्टर साडेसातच दाखवतो.