काट्याची साक्ष

बंगळूरमधील बसवनगुडी हे उपनगर एका साथीच्या सावटाखाली आकाराला आले. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठांतील दाटीवाटी किती जीवघेणी आहे ते दाखवून दिले आणि नंदीच्या जुन्या देवळाच्या परिसरात रुंद, सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०२ मध्ये, कावेरीच्या शिवनसमुद्र प्रपातावर निर्माण झालेली वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोनखाणींपर्यंत पोचली. १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. या घटनांच्या इतिहासात दिवाणांची, अभियंत्यांची नावे येतात. वीज किती वाहते आणि कोठे गळते हे सांगणारी पितळेची व काचेची उपकरणे मात्र त्यात क्वचितच भेटतात. जुन्या विद्युत्‌मापकांच्या संग्रहाला महत्त्व आहे ते यामुळेच.

पाणी डोळ्यांना दिसते, धान्य मापाने मोजता येते. वीज दिसत नाही. तिच्यावर विसंबायचे तर प्रथम तिची मोजणी करणाऱ्या साधनावर विसंबावे लागते. भारतात ही गरज दिव्यांच्या आधी तारायंत्राने निर्माण केली. विल्यम एअर्टन हे इंग्रज शास्त्रज्ञ १८६८ मध्ये भारताच्या तारखात्यात दाखल झाले आणि तारेतील बिघाड शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी येथे काम केले. तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तारघरात बसून रोध मोजला, की बिघाड कितव्या मैलावर आहे याचे गणित मांडता येते. पुढे इंग्लंडला परतल्यावर जॉन पेरी यांच्यासह एअर्टन यांनी प्रवाहमापके घडविली.

त्या काळाची एक खूण भारतीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ टिकून राहिली. ‘पोस्ट ऑफिस बॉक्स’ हे तिचे नाव. लाकडी पेटीवर पितळेचे ठोकळे, त्यांच्या मधल्या फटींत बसविलेल्या निमुळत्या खुंट्या. खुंटी उपसली की पेटीतील ठरावीक रोध मंडलात येई. हे टपालखात्याचे नाव पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात कसे आले, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडला तर त्याचे उत्तर ब्रिटनच्या टपालखात्यात मिळते. तारायंत्राच्या तारा तपासण्यासाठी तेथे ही पेटी वापरात होती. बसवनगुडीतील नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी पदार्थविज्ञान शिकविले आणि १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरमची स्थापना केली. प्रयोग आणि प्रश्न यांची जी संस्कृती अशा संस्थांनी जोपासली, तिची मुळे या साध्या उपकरणांशी होणाऱ्या हस्तपरिचयात आहेत. आकडे दाखविणारी नवी मापके आल्यावर जुन्या पेट्या कपाटात गेल्या, आणि कपाटे रिकामी करताना मोडीत निघाल्या. तेथे त्यांची किंमत पितळेच्या वजनावर ठरते.

मोडीतून इतिहास वेचणे महाराष्ट्राला नवे नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे अशा नित्याच्या वस्तूंना पुण्यातील आपल्या संग्रहात मानाचे स्थान दिले. तथापि मापकाचा संग्रह एका बाबतीत दिव्याच्या संग्रहाहून वेगळा आहे. दिव्याचे सौंदर्य त्याच्या घाटात पूर्ण होते. मापकाचा अर्थ त्याच्या घाटाबाहेरही असतो. त्याचा अनुक्रमांक, तबकडीवरील रेषा, तपासणीचा दाखला, ते कोणत्या खोलीत आणि कोणत्या कामासाठी होते याची नोंद, या सर्वांनी मिळून ते मापक होते. पितळ चकचकीत करताना अनुक्रमांक पुसला गेला, जुनी तबकडी टाकून नवी रंगविली, तर उरते ती केवळ शोभेची वस्तू.

याचा पुरावा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिळतो. विजेच्या आरंभीच्या मापकांत, म्हणजे गॅल्व्हानोमीटरमध्ये, तारेच्या वेटोळ्याजवळ टांगलेला चुंबक हलत असे. कुलाब्यात असाच टांगलेला चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वातील बदल दाखवीत होता. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरील उद्रेकामुळे प्रचंड चुंबकीय वादळ झाले आणि युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली. त्या वेळी कुलाब्यातील निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून आकडे लिहून ठेवले. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, संशोधकांनी त्याच नोंदींवरून वादळाची तीव्रता ठरविली. आजच्या वीजजाळ्यांना अशा वादळापासून असलेला धोका अजमावताना ही नोंद मोलाची ठरते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेतील नाजूक उपकरणे बिघडली असती. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांचे काम अलिबागला हलविले. तेथील वास्तूत लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. त्यांची खरी दूरदृष्टी पुढेच दिसते. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग येथील वेध एकाच वेळी चालू ठेवण्यात आले, जेणेकरून जुन्या आकड्यांचा नव्या आकड्यांशी मेळ बसावा. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. १९६४ मध्ये ती बंदही झाली. अलिबागचे वेध मात्र आजही चालू आहेत.

संग्राहकाने मूस यांच्याकडून घ्यावयाचा धडा हाच आहे. बसवनगुडीतील एखाद्या घराच्या माळ्यावर जुना व्होल्टमीटर सापडला, तर त्याची धूळ पुसण्याआधी तो कोठे, कोणाच्या कामात आणि कशाबरोबर होता हे लिहून ठेवावे. त्याचा काटा आता शून्यावर येत नसेल; तेही लिहावे. काटा किती चुकतो हे ज्ञात असेल, तर त्याच्या जुन्या नोंदी वाचता येतात. चूकच पुसून टाकली, तर त्या नोंदींचा अर्थ लावण्याचा मार्गही बंद होतो.