हे पाणी जातं कुठे?

गेल्या हिवाळ्यात आई रत्नागिरीहून आमच्याकडे शॉमबर्गला आली होती. बाहेर उणे पंधरा तापमान. घरात प्रत्येकाच्या अंगावर फ्लीसचं जॅकेट आणि एक दिवसाआड वॉशिंग मशीन चालू. एकदा मशीनमधलं पाणी जाताना ऐकून तिने विचारलं, "अरे, हे पाणी जातं कुठे?" तिच्या मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं, डोळ्यांना दिसतं. मला मात्र इंजिनियर असून उत्तर देता येईना. मग शोधत बसलो.

आमच्या नळाला १९८५ पासून मिशिगन सरोवराचं पाणी येतं, शिकागो शहराकडून. वापरून झालं की ते सरोवरातच परत जात असेल असं मला वाटायचं. पण तसं नाही! गावातल्या ईगन केंद्रात शुद्ध होऊन ते सॉल्ट क्रीक नावाच्या ओढ्यात सोडतात. तिथून डेस प्लेन्स, मग इलिनॉय, मग मिसिसिपी नदी आणि शेवटी थेट मेक्सिकोचं आखात.

शिकागोची तर गोष्टच निराळी. शहराची घाण शिकागो नदीतून सरोवरात जायची आणि पिण्याचं पाणीही त्याच सरोवराचं. म्हणून आठ वर्षं खपून ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खणला आणि जानेवारी १९०० मध्ये चक्क नदीची दिशाच उलटी केली. घाण निघाली खालच्या गावांकडे. मिसूरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण १९०६ मध्ये हरलं. आपल्याकडचा टायफॉईड शिकागोच्या घाणीमुळेच आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. शिवाय मिसूरीची स्वतःची शहरंही नदीत घाण सोडत होतीच.

आता तुम्ही म्हणाल, याचा माझ्या जॅकेटशी काय संबंध? फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, म्हणजे प्लॅस्टिकच. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक धागे सुटतात. शुद्धीकरण केंद्रात बहुतेक गाळात अडकतात (तो गाळ पुष्कळदा शेतात पसरतात), पण पाणीच इतकं असतं की उरलेलेही थोडेथोडके नसतात.

हे कधी सुरू झालं, त्याचा पुरावा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये निघाला. तिथे गेल्या शतकापासूनचे मासे अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेले आहेत. लोयोला विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातले चार जातींचे मासे तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५० च्या आधीच्या माशांच्या पोटात प्लॅस्टिक नाही. त्यानंतर दर दशकाला वाढतच गेलेलं, आणि तेही मुख्यतः धाग्यांच्या रूपात. त्या चारांत तळाशी चरणारा कॅटफिशही आहे, आपल्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद. आईच्या वयाच्या माणसाच्या हयातीत झालेला हा सगळा बदल!

पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड असतं. त्यामुळे आखातापर्यंत पोचलेला धागा शेवटी तळाला बसतो. तिथे चिखल खाणारे किडे आणि पाणी गाळून जगणारे शिंपले. त्यांना धागा आणि अन्न यातला फरक कसा कळणार? माशाचं पोट आपण साफ करून टाकतो, पण तिसऱ्या पोटासकट खातो. गोव्यात साळ नदीच्या खाडीतल्या शिंपल्यांमध्येही असे कण सापडलेले आहेत.

फेसवॉशमधल्या प्लॅस्टिकच्या मण्यांवर इलिनॉयने २०१४ मध्ये कायदा केला, अमेरिकेतलं पहिलं राज्य. २०१५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. ते जमलं, कारण ट्यूबवर कंपनीचं नाव असतं. धाग्याला नाव नसतं. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा कालवं काढणारा कोळी कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार, की हा धागा शॉमबर्गच्या अमुक घरातल्या जॅकेटचा आहे? १९०६ मध्ये मिसूरी जिथे अडलं, तिथेच तोही अडेल. आणि मी सुटेन.

असो. आता आम्ही फ्लीस मळल्याशिवाय धूत नाही आणि मशीनच्या नळीला धागे अडवणारी गाळणी बसवली आहे. दर काही आठवड्यांनी तिच्यात करड्या रंगाचा लगदा साठतो. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं हा लगदा दुसऱ्याच्या दारात जात होता की रे!"

तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं? एकदा बघा तरी.