रत्नागिरीच्या पावसात छतावरची सौर वीज

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी सौर पॅनेल परवडतात का? हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा केला, तर बऱ्याच घरांना परवडतात.

स्वच्छ उन्हात १ किलोवॉटचा संच दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. पावसाळ्यात हे उत्पादन बरेच घटते. ही तूट नेट मीटर भरून काढतो: एप्रिल-मेमध्ये उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, तेवढी युनिट ग्राहकाच्या खात्यावर जमा होतात आणि पुढच्या बिलांतून वजा होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. जागा मात्र पाहून निवडावी. माडाची किंवा आंब्याची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडलेल्या इतरांची वीजही कमी होऊ शकते.

सर्वांत मोठा गैरसमज वेगळाच आहे. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडमधली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. नेट मीटरवरचा साधा संच अशा वेळी भर उन्हातही बंदच राहतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून जाळ्यातली वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तेव्हाही घरात दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा, आणि अनुदान त्यासाठी वाढत नाही.