संगणकाच्या पडद्यावरील दालनें

लिनक्सच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसापुढें पत्रव्यवहार, हिशेबाचा तक्ता, शब्दकोश, अर्धवट लिहिलेला लेख अशा पंधरा-वीस खिडक्या एकाच वेळीं उघड्या असतात. त्यांतील हवी ती चटकन् हातीं कशी यावी, हा प्रश्न लिनक्सहून जुना आहे. लिनक्सचा जन्म १९९१ चा. प्रश्नाचें मर्म मात्र १९८६ सालींच दोघां संशोधकांनीं उलगडून ठेविलें होतें.

ते संशोधक म्हणजे कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंतले ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड. एकीवर एक पडणाऱ्या खिडक्या याच प्रयोगशाळेंत पूर्वीं रूढ झाल्या होत्या. तेव्हां त्यांचा जाचही तेथेंच आधीं जाणवावा, हें स्वाभाविकच होय. त्यांनीं दाखला घेतला तो संगणकाच्या स्मृतीचा. स्मृति अपुरी असली, कीं चालू कामाला लागणारीं तेवढींच पानें संगणक जवळ ठेवतो व बाकीचीं तबकडीवर धाडतो. पण चालू कामाचीं पानेंच जवळ मावेनाशीं झालीं, तर एक आण, दुसरें धाड, पुन्हा पहिलें आण, यांतच सारा वेळ जातो आणि काम तसेंच राहतें. लहान पडद्यापुढें बसलेल्या माणसाचीही हीच गत होते, हें त्या दोघांनीं ओळखलें. एका कामांत गुंतलेल्या माणसाला थोड्याच खिडक्या लागतात. त्या लागतात मात्र वारंवार.

मग त्यांनीं 'रूम्स' नांवाची रचना केली. प्रत्येक कामाला एक दालन, त्यांत त्या कामाच्याच खिडक्या, आणि एका दालनांतून दुसऱ्यांत जावयास दारें. घड्याळासारखी जी खिडकी सर्वत्र हवी, ती खिशांत घालून न्यावी अशीही सोय होती. सर्व दालनें लहान आकारांत एकत्र पाहतां येत. एकच खिडकी दोन दालनांत निरनिराळ्या जागीं मांडतां येई. ही सोय तर आजच्याही पुष्कळ रचनांत आढळत नाहीं.

लिनक्सवर अशी सोय आली ती काटकसरीच्या वाटेनें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत १९८४ सालीं निघालेल्या 'एक्स' पद्धतीनें खिडक्या कोठें व कशा मांडाव्या, हें ठरविण्याचें काम स्वतःकडे न ठेवतां एका स्वतंत्र कारभाऱ्याकडे, म्हणजे विंडो मॅनेजरकडे, सोंपविलें. या उदार धोरणामुळेंच पुढें कारभाऱ्यांचें पीक आलें. टॉम लास्ट्रेंज याचा 'टीडब्ल्यूएम' १९८७ चा. पडद्याहून मोठ्या आभासी मेजाचा प्रयोगही त्यानेंच १९९० सालीं 'एसडब्ल्यूएम' मध्यें केला. रॉबर्ट नेशन यानें १९९३ सालीं 'टीडब्ल्यूएम'ची स्मृतीची भूक कमी करून 'एफव्हीडब्ल्यूएम' सिद्ध केला व त्यांत असें मेज दिलें. कोपऱ्यांतील लहानशा नकाशावर टिचकी मारावी, कीं तो भाग समोर हजर! स्मृतीच्या टंचाईवरून सुचलेली युक्ति स्मृति वाचविणाऱ्याच्या हातून घरोघरीं पोंचावी, हा योग मौजेचा खरा.

'डीडब्ल्यूएम' (२००६) आणि 'आय थ्री' (२००९) यांचा पंथ निराळा. ते खिडक्या एकमेकींवर पडूंच देत नाहींत; फरशा बसवाव्या तशा शेजारीं शेजारीं बसवितात, आणि सारा व्यवहार कळफलकावरून चालतो. ज्याला कळा पाठ आहेत त्याचा हात कोठें अडत नाहीं. नवख्याला मात्र पहिले कांहीं दिवस जड जातात.

ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीनें २०११ सालीं खिडकी खालीं दडविण्याचें बटणच काढून टाकलें. त्यावर पुष्कळांनीं कुरकुर केली. पण दडवून ठेवण्याऐवजीं दुसऱ्या दालनांत न्या, हा त्या मंडळींचा आग्रह होता. म्हणून तेथें शेवटीं एक दालन नेहमीं रिकामें असतें. त्यांत खिडकी येतांच पुढें दुसरें रिकामें उघडतें.