‘निवडणें’ आणि ‘निवाडा’

जुन्या वतनी कज्ज्यांच्या कागदांत राजीनामा, तकरीर, महजर हे शब्द अरबी-फारशी वळणाचे आढळतात. परंतु ज्या कागदानें वाद संपावयाचा, त्याचें नांव ‘निवाडपत्र’ असें देशी आहे. तेव्हां त्याच्या मुळाशीं असलेल्या ‘निवडणें’ या क्रियापदाचा विचार करणें अवश्य आहे.

हें क्रियापद सं. ‘नि + वृ’ पासून साधूं जातां दोन अडचणी येतात. त्या धातूचा अर्थ वारणें, व त्यापासून मराठींत ‘निवारणें’ आलें. शिवाय ‘ड’काराची उपपत्ति लागत नाहीं. उलट, इ. स. च्या १२ व्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘भू’ धातूस पृथक् होणें व स्पष्ट होणें या अर्थीं ‘णिव्वड’ असा आदेश सांगितला आहे. ‘ण’चा ‘न’ व ‘व्व’चा ‘व’ होणें मराठीस नेहमींचेंच. पुढें ‘पसरणें’वरून पसारा, ‘उतरणें’वरून उतारा, त्याचप्रमाणें ‘निवडणें’वरून निवाडा.

यावरून मूळ अर्थ अकर्मक ठरतो: वेगळें होऊन स्पष्ट दिसणें. तांदुळांतून खडे निवडणारी गृहिणी खडे उत्पन्न करीत नाहीं. मिसळलेलें वेगळें करिते. न्यायसभेचें कामही तेंच. अरबी ‘फैसला’ शब्दाच्या धातूचा अर्थ वेगळें करणें, आणि आपल्या ‘विवेक’ शब्दांतील ‘विच्’ धातूचाही तोच. तीन भाषांनीं न्यायास एकाच क्रियेची उपमा द्यावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हा व्युत्पत्तीचा केवळ विनोद नव्हे. कागदांत एखादा वादी ‘खोटा निवडला’ असें आल्यास ‘सभेनें निवडून काढला’ असा आजचा अर्थ लावूं नये. ‘चौकशीअंतीं खोटा ठरला’ असाच लावावा. पक्ष खरा निवडला त्यानें हरकी द्यावी, खोटा निवडला त्यानें गुन्हेगारी भरावी व येजितखत लिहून द्यावें, अशी वहिवाट होती. क्रियापद चुकीचें लाविलें तर कोणाचें वतन राहिलें व कोणाचें गेलें, हेंच उलटें वाचलें जाण्याचा संभव आहे.

आज ‘निवडणूक’ शब्दांत पसंतीचा अर्थ बळावला आहे; भूसंपादनाच्या कागदांत मात्र ‘निवाडा’ अद्याप जुन्या अर्थीं नांदतो. संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील निवाडपत्रें या दृष्टीनें एकवार पुनः वाचून पाहावींत, इतकीच विनंती.